जुना स्टुडंट सॅक्सोफोन: वाजायला कसा आणि किंमत किती द्यावी?

विट्याच्या एका गलाई व्यावसायिकांनी, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांनी, विचारलंय. मुलगा नववीत आहे, हार्मोनियम बऱ्यापैकी शिकलाय, आता आल्टो सॅक्सोफोनचा हट्ट धरलाय. समोर तीन पर्याय आहेत. अमेरिकेतल्या मेहुण्याच्या माळ्यावर पडलेला 1970 च्या दशकातला सेल्मर बंडी, तो जवळपास फुकट. पुण्यात एकाकडे जपानी यामाहा वायएएस-23, मागणी 55 हजार. आणि ऑनलाइन मिळणारा नवाकोरा, सोनेरी, विनानावाचा चिनी, पेटी आणि माउथपीससकट 24 हजार. त्यांचे प्रश्न दोन: जुनं 'स्टुडंट' वाद्य वाजायला खरंच चांगलं असतं का, आणि उद्या पोराचा नाद सुटला तर पैसे परत उठतील का?

थोडक्यात सांगायचं तर पुण्याचा यामाहा घ्या, पण तो तपासून आणि भाव पाडून. मेहुण्याचा बंडी कोणी सामानातून आणत असेल तर आणू द्या, तोही कामाचा निघू शकतो. चिनी सोडा. मिरजेत बसून मी बँडवाल्यांची फुंकवाद्यं दुरुस्त करतो, स्वतः वाजवतोही. लग्नसराई संपून पाऊस लागला की आमच्याकडे सॅक्सो आणि क्लॅरोनेट यांची रांग लागते. त्यातून जे हाताखालून गेलं, त्याच्या आधारावर पुढचं लिहितोय.

स्टुडंट म्हणजे हलकं, हा समज आधी काढून टाका. कंपनी शाळकरी मुलांसाठी वाद्य काढते तेव्हा वाचवते ते नक्षीकामात, हातच्या बारीक जुळणीत, एखाददुसऱ्या जादा चावीत. वायएएस-23 ला बहुधा वरच्या एफ शार्पची चावी नसते. नसू दे, तुमच्या मुलाला पुढची काही वर्षं तिची गरज पडत नाही. पण सूर ठरतो तो नळीच्या आकारावर आणि भोकांच्या जागांवर, आणि तिथे चांगल्या कंपनीचं स्टुडंट वाद्य बऱ्याचदा थोरल्या भावाच्या फार जवळ असतं.

बंडीचंच बघा. 1963 मध्ये अमेरिकेतल्या सेल्मर कंपनीने ब्युशर ही जुनी कंपनी घेतली आणि बंडी आल्टो पुढे ब्युशरच्या आराखड्यावर बनू लागला. ब्युशर 1920 आणि 30 च्या दशकात व्यावसायिक वादकांसाठी वाद्यं बनवत होती. म्हणजे शाळेच्या बँडसाठी लाखाने निघालेल्या त्या साध्या दिसणाऱ्या नळीत त्या काळच्या कसलेल्या कारागिरांचं डोकं आहे. आवाज रुंद, जाड, थोडा सावळा. पत्रा दणकट, शाळकरी पोरांच्या हातात टिकेल असा. खोट आहे ती बोटांच्या सोयीत. डाव्या करंगळीखालच्या चाव्या जड जातात. जी शार्पवरून खालच्या सी शार्पवर किंवा बीवर सरकताना नवशिक्याची करंगळी भरून येते. लांब पल्ल्याच्या बोटांच्या माणसाला फरक पडत नाही, तेरा-चौदाच्या पोराला पडतो.

यामाहाने सॅक्सोफोन बनवायला 1967 मध्ये सुरुवात केली. वायएएस-23 ही त्यांची शाळांसाठीची मॉडेल, अमेरिकेतल्या शाळांत इतकी चालली की आज जुन्या बाजारात ती सहज दिसते. आवाज बंडीपेक्षा उजळ आणि नेमका. काहींना तो जरा कोरडा वाटतो, मलाही वाटतो. पण सप्तकं एकमेकांशी जुळतात, खालपासून वरपर्यंत सूर समान बोलतात, करंगळीच्या चाव्या हलक्या आहेत. शिकणाऱ्याला हेच हवं. रंग पुढे माउथपीस बदलून आणता येतो, वाकडा सूर माउथपीसने सरळ होत नाही.

याच जातीतली आणखी काही नावं जुन्या बाजारात भेटतील. कॉनचा डायरेक्टर, किंगचा क्लीव्हलँड, लेब्लांकचा व्हिटो, पूर्व जर्मनीचा वेल्टक्लांग, चेकोस्लोव्हाकियाचा अमाती. कॉन घेताना तो अमेरिकेतल्या एल्कहार्टचा आहे की पुढे मेक्सिकोत बनलेला, हे बघा. नंतरच्यांची जुळणी मला सैल वाटते. वेल्टक्लांग आणि अमाती अंगाने मजबूत, पण चाव्यांची ठेवण ओबडधोबड. व्हिटोच्या नावाखाली वेगवेगळ्या कारखान्यांची वाद्यं विकली गेली, त्यामुळे दोन व्हिटो सारखे निघतीलच असं नाही.

नावांचं एवढं पुरे, कारण खरी गोष्ट वेगळीच आहे. बासरीवर भोक बोटानं झाकलं जातं. सॅक्सवर एकही भोक थेट बोटानं झाकत नाही, सगळी झाकतात ती पॅड. वीस-पंचवीस पॅड, आत लोकरी नमदा, वर पातळ चामडं, मधे चपटी टिकली. खालचा स्वर काढायचा तर त्याच्या वरची सगळी पॅड एकाच वेळी घट्ट बसली पाहिजेत. वर कुठेतरी कागदाच्या जाडीएवढी फट राहिली तर खालचे सगळे स्वर अडखळतात, घोगरे होतात, किंवा एकदम वरच्या सप्तकात उडी मारतात. कसलेला वादक बोटं जोरात दाबून, फुंक वाढवून ते झाकून नेतो. नवशिक्या पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही. तो ओठ आवळतो, बोटं आवळतो, मान दुखवून घेतो आणि सहा महिन्यांनी वाद्य पलंगाखाली जातं. गळणारा बंडी आणि गळणारा महागडा सेल्मर मार्क सिक्स या बाबतीत सारखेच. हवा न सोडणारा बंडी त्या गळक्या मार्क सिक्सपेक्षा पोराला जास्त शिकवतो.

म्हणून विकणाऱ्याला गाणं वाजवायला लावू नका. गाणं मधल्या आणि वरच्या सप्तकात असतं, तिथे गळती लपते. सांगा, खालचा सी, मग बी, मग बी फ्लॅट, हळू आवाजात, बोटं हलकी ठेवून वाजवा. हे तीन हळू आवाजात सहज आले तर निम्मं काम झालं. नंतर वाद्य हातात घ्या. गणपतीच्या आराशीला वापरतो तशी बारीक एलईडी पट्टी नळीत सोडा, खोलीत अंधार करा आणि एकेक चावी अगदी हलक्या हातानं मिटवा. कडेने उजेड दिसला तिथे फट आहे. उजेड एकाच बाजूला दिसत असेल तर पॅड तिरकं बसलंय किंवा चावी वाकलीय, ते सरळ करता येतं. सगळ्यांभोवती दिसत असेल तर पॅड संपली, सगळी बदलावी लागतील. पट्टी नसेल तर सिगरेटचा पातळ कागद चिमटीएवढा कापून पॅडखाली धरा, चावी मिटवून ओढा. चारही बाजूंनी ओढताना सारखा अडकायला हवा.

पॅड बदलता येतात, त्यामुळे त्यांच्यावर सौदा मोडू नका. सौदा मोडायचा तो पुढच्या गोष्टींवर. नेक, म्हणजे माउथपीस बसतो ती वाकडी नळी, खाली दबलेली असते का ते बघा. माउथपीस बसवताना लोक नेकवर हात टाकून जोर लावतात, वर्षानुवर्षं, आणि ती हळूहळू वाकते. खालच्या बाजूला पत्र्याला सुरकुती, नळी गोल ऐवजी अंडाकृती, सप्तकाच्या चावीचं कडं नीट न बसणं, या खुणा. अशा वाद्याचा सूर वरच्या सप्तकात कुठेही जातो. मग अंगाची नळी. एका टोकाकडून डोळा लावून बघा, लांब दांड्या नळीशी समांतर आहेत का. पेटीसकट पडलेला सॅक्स बाहेरून चकाचक दिसतो, पण आत वाकलेला असतो, आणि मग कितीही नवी पॅड लावा, भोकांचे काठ सपाट नसल्यामुळे बसत नाहीत. भोंग्याला पोचा आहे याचं दुःख करू नका, तिथला पोचा काढता येतो आणि आवाजावर फारसा परिणाम नसतो. शेवटी चाव्या धरून आडव्या हलवा. दांडीवर खडखड वाजत असेल तर सांधे झिजलेत. थोडी झीज काढता येते, खूप असेल तर ते काम वाद्याच्या किमतीपेक्षा मोठं होतं.

लॅकर, म्हणजे पितळावरचा चकाकता लेप, उडालेलं असलं तर घाबरायचं कारण नाही, आवाज लॅकरमध्ये नसतो. पितळावर, विशेषतः नेकवर, गुलाबी-लालसर ठिपके दिसले तर मात्र थांबा. घामाने आणि थुंकीने पितळातलं जस्त निघून गेल्याची ती खूण आहे, तिथे पत्रा आतून कच्चा झालेला असतो.

आपल्या भागासाठी दोन गोष्टी खास सांगायच्या आहेत, त्या पुस्तकात सापडणार नाहीत. पहिली पुराची. 2005, 2019, 2021, कृष्णा चढली की सांगलीच्या खालच्या पेठांतली घरं आणि गाळे पाण्यात गेले, त्यांत वाद्यंही गेली. ती वाद्यं नंतर धुवून, पुसून बाजारात आली आणि अजून फिरतात. सॅक्सच्या चाव्या चालतात निळसर पोलादी सुईसारख्या स्प्रिंगांवर. त्या गंजलेल्या असतील, पेटीच्या अस्तरात ओलीचा वास किंवा पाण्याची रेघ असेल, चावी फिरवताना आत वाळू चिरडल्यासारखं लागत असेल, तर पॅड कितीही नवी दिसोत, हात जोडून निघा. दांड्यांच्या पोकळ नळ्यांत शिरलेला गाळ सगळे सांधे आतून घासत राहतो.

दुसरी गोष्ट बँडवाल्यांच्या वाद्यांची. वरातीत वाद्य चमकायला हवं म्हणून ते चिंचेनं आणि भांडी घासायच्या पावडरीनं घासतात. पितळ लखलखतं, लॅकर जातं, आणि पावडर सांध्यांत आणि पॅडच्या कडेला बसते. असा सॅक्स घेतलात तर पूर्ण उघडून साफ केल्याशिवाय पोराच्या हाती देऊ नका. वर्षभर पेटीत बंद राहिलेल्या वाद्याला कसरही लागते, आतला नमदा लोकरीचा असतो. पेटीत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवणारे लोक आहेत, वास पाहून वाद्य तोंडाला लावावंसं वाटत नाही, पण पॅड शाबूत असतात, हे खरं.

आता सुराचं. फार जुनं वाद्य, साधारण 1930 च्या आधीचं, समोर आलं तर त्यावर 'हाय पिच' किंवा 'एचपी' असा शिक्का आहे का बघा. त्या काळी ब्रिटिश लष्करी बँडचा ए हा स्वर 440 हर्ट्झऐवजी जवळपास 452 ला लावलेला असे. फरक जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराचा पडतो. माउथपीस बाहेर ओढून एक स्वर जुळवाल, बाकीचे सुटतील. अशा वाद्याची जागा शोकेसमध्ये. बंडी आणि यामाहा दोन्ही 440 चे, ती चिंता त्यांत नाही. सूर मोबाइलच्या ट्यूनरवर तपासा, घरच्या हार्मोनियमवर नको, जुनी पेटी स्वतःच कुठे असेल सांगता येत नाही. तपासताना मधला डी थोडा दबका आणि चढा लागेल, तो जवळपास प्रत्येक सॅक्सवर तसाच असतो, त्याचा दोष वाद्याला देऊ नका.

मुलगा हार्मोनियमवरून येतोय म्हणून हेही सांगून ठेवतो. आल्टोवर सगळ्यात सोप्या बोटांनी जो 'सा' येतो, तो हार्मोनियमची काळी दोन. टेनरवर, म्हणजे आल्टोहून मोठ्या सॅक्सवर, तो काळी पाच. घरात पांढरी एकमध्ये गायची सवय असेल तर पहिल्या महिन्यात गोंधळ होणार, तो वाद्याचा दोष समजून परत करू नका. आल्टोच घ्या. टेनर वजनाला बराच जड आणि फुंक जास्त खातो. कद्री गोपालनाथांनी कर्नाटक संगीत आल्टोवर वाजवलं, मनोहारी सिंगांचा आल्टो हिंदी गाण्यांतून घराघरात पोहोचला. आल्टोवर काही कमी पडतं असं नाही.

पैशांकडे येऊ. अमेरिकेत बंडीची किंमत काही शे डॉलर आणि सगळी पॅड बदलायची मजुरी जवळपास तेवढीच. म्हणून तिथे पॅड संपली की लोक वाद्य माळ्यावर टाकतात, तुमच्या मेहुण्यांसारखेच. आपल्याकडे गणित उलटं आहे. मजुरी स्वस्त, वाद्य महाग. पूर्ण पॅड, कॉर्क, नमदे आणि जुळणी मिळून माझ्याकडे दहा ते पंधरा हजारांत होतं. त्यामुळे तिथे मोडीत निघालेला बंडी इथे दुरुस्त करून चांगला सौदा ठरतो. फक्त सुटे भाग लक्षात ठेवा. पॅड मापावर मिळतात, कोणत्याही कंपनीची चालतात. पण तुटलेली चावी, हरवलेला स्क्रू, फुटलेला नेक हे ज्याचं त्यालाच लागतं. बंडीचे ते मिळवायचे तर दुसरा मेलेला बंडी शोधावा लागतो. यामाहाचे जुळतात. मेहुण्यांना म्हणावं, व्हिडिओ कॉलवर नेक आणि सगळ्या चाव्या जवळून दाखवा, काही तुटलेलं नसेल तरच आणा. विमानात आणताना चाव्यांखाली कॉर्कचे तुकडे अडकवून त्या बंद करा आणि भोंग्यात कपडा भरा, नाहीतर इथे पोचेपर्यंत वाकलेला असेल.

यामाहाची 55 हजार ही मागणी वाजतं वाद्य धरून ठीक आहे. नवा स्टुडंट यामाहा आज लाखाच्या पुढे जातो, त्या हिशेबानं जुना महाग नाही. पण 55 हजार त्याच सॅक्सचे, ज्याचा खालचा बी फ्लॅट हळू आवाजात येतो. पॅड जुनी असतील तर दुरुस्तीचे पैसे त्यातून सरळ वजा करा, चाळीसपासून बोलायला सुरुवात करा. लॅकर नवीन मारलंय, नक्षी अस्पष्ट झालीय, तर आणखी खाली या. पॉलिश करताना पत्रा घासला जातो आणि लोक पॉलिश मारतात ते बहुधा काहीतरी झाकायला.

नाद सुटला तर? चांगल्या स्थितीतला जुना यामाहा दोन-तीन वर्षांनी साधारण घेतलेल्याच भावाला जातो, कारण त्याची पडझड आधीच्या मालकाच्या खिशातून झालेली असते. सांगली, इस्लामपूर, कराड या पट्ट्यातले बँडवालेच घेऊन जातात. बंडीचं नाव त्यांना माहीत नसतं, तो विकायला वेळ लागेल, पण तुम्ही त्यात फक्त दुरुस्तीच घातलेली असेल.

आणि तो 24 हजारांचा चिनी. सगळे चिनी वाईट म्हणत नाही, तिथलेही काही कारखाने आता चांगलं बनवतात, पण ते या भावात येत नाहीत. या भावातल्यात चाव्यांचा धातू मऊ असतो, बोटानं दाबून वाकतो. मी जुळवून दिला की महिन्याभरात परत सुटतो. भोकांचे काठ पहिल्या दिवसापासून सपाट नसतात. दुरुस्तीवर पैसे घालत गेलात तर वर्षात जुन्या यामाहाच्या किमतीला पोचाल, आणि विकायला गेलात तर बाजारात त्याला नाव नाही. मेरठच्या जाली कोठीत बनणारी वाद्यं बँडवाले घेतात, ट्रम्पेट आणि युफोनियमपुरती मी त्यांना नावं ठेवणार नाही. सॅक्समध्ये चाव्यांचं जाळं एवढं दाट असतं की स्वस्तात ते जमवणं अवघड आहे, कुठल्याही गावात.

तुमचा धंदा बघून एक विनंती. घरात भट्टी आहे, हाताला डाक द्यायची सवय आहे, म्हणून सॅक्सच्या निघालेल्या खांबाला (चाव्यांच्या दांड्या धरणाऱ्या टेकूला) तुम्ही स्वतः डाक देऊ नका. ते खांब नळीवर कथलाच्या डाकाने बसवलेले असतात, तो दोनशे अंशांच्या आसपासच वितळतो. तुमच्या चांदीच्या डाकाला लागतो सहाशेच्या वरचा ताव. एक खांब पक्का करता करता शेजारचे चार गळून पडतील, लॅकर जळेल, आणि नळी मऊ पडेल ती वेगळीच. अशी दोन वाद्यं विट्याहूनच माझ्याकडे आली आहेत, म्हणून लिहितोय.

माउथपीसवर पैसे वाचवू नका. बंडीच्या पेटीत असलेला जुना माउथपीस दाताने कुरतडलेला असेल, तो फेकून द्या आणि यामाहाचा 4सी घ्या. नवशिक्यासाठी तेवढा पुरतो. वरातीत वाजवणारे धातूचा, अरुंद आणि कर्कश माउथपीस वापरतात, कारण त्यांना ढोल-ताशावरून आवाज न्यायचा असतो. मुलाला तो लावू नका. पत्ती, म्हणजे माउथपीसवरची रीड, दोन नंबरची, तीन-चार घेऊन आलटून पालटून वापरा, वाजवून झाल्यावर पुसून सपाट डबीत ठेवा. वाजवल्यावर जी शार्पचं पॅड चिकटेल, ते नेहमीचंच आहे. चावी ओढून उघडू नका, पॅडखाली कोरा कागद दाबून हळूच काढून घ्या.

पुण्याला जाल तेव्हा वाजवणारं कोणीतरी सोबत न्या. कोणी मिळालं नाही तर विकणाऱ्याला म्हणा, पन्नास टक्के आत्ता, उरलेले मिरजेत उघडून बघितल्यावर. चांगलं वाद्य असलेला माणूस याला सहसा नाही म्हणत नाही.